बूस्टर आणण्याआधी डेसिबलचा जमाखर्च

बाबांच्या खोलीतला टीव्ही म्हणजे आमच्या घरात केबलचा शेवटचा थांबा. बाबा म्हणजे माझे सासरे. मॅच ऐन रंगात आली की चित्राचे ठोकळे व्हायचे, आवाज गचके खायचा आणि बाबा काठीने टीपॉयवर दोनदा ठकठक करायचे. ती ठकठक माझ्यासाठी असायची, कारण घरातल्या वायरींचं खातं माझ्याकडे आहे. मी इंजिनियर वगैरे नाही. २७ वर्षं हिशेब लिहिले, एवढंच. पण केबलचा बिघाड शोधणं हे हिशेबाच्या फार जवळचं काम निघालं. वरून किती आले, वाटेत कुठे किती गेले, हातात किती उरले.

पुतण्याने मात्र निदान उंबऱ्यातूनच केलं. "काकू, सिग्नल वीक आहे, बूस्टर टाकू." दुसऱ्या दिवशी तो ॲम्प्लिफायर घेऊन आला आणि टीव्हीच्या मागे जोडला सुद्धा. बॉक्सच्या माहितीच्या पडद्यावर सिग्नलची पट्टी सरसर वर गेली, आम्ही दोघं खूश झालो, आणि दहा मिनिटांत पुन्हा ठकठक. ठोकळे होते तसेच. त्या संध्याकाळी मी वही काढली.

दोन पट्ट्या, दोन अर्थ

सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये सिग्नलची माहिती देणारा पडदा असतो. तिथे बहुधा दोन पट्ट्या दिसतात, एक स्ट्रेंग्थची आणि दुसरी क्वालिटीची. स्ट्रेंग्थ म्हणजे एकूण आवाज किती मोठा. क्वालिटी म्हणजे त्यातलं बोलणं किती स्पष्ट. बूस्टर आवाज मोठा करतो, पण बोलणं आणि गोंगाट दोन्ही सारखेच मोठे करतो, वर स्वतःचा थोडा गोंगाट घालतो. वाटेत जी स्पष्टता हरवली, ती शेवटच्या टोकाला परत मिळत नाही. म्हणून स्ट्रेंग्थ ९० आणि क्वालिटी जागच्या जागी, असं दिसलं तर बूस्टरचा काही उपयोग झालेला नाही हे तिथेच कळतं. आम्ही फक्त पहिली पट्टी पाहून खूश झालो होतो.

जुन्या ॲनालॉग काळात सिग्नल कमी होत गेला की चित्रात हळूहळू मुंग्या वाढायच्या, म्हणजे बिघाड येताना दिसायचा. डिजिटलचं तसं नाही. एका मर्यादेपर्यंत चित्र काचेसारखं स्वच्छ, आणि त्याच्या जरा खाली गेलं की थेट ठोकळे किंवा काळा पडदा. त्यामुळे "कालपर्यंत उत्तम होतं" याला फारसा अर्थ नाही. कालपर्यंत तुम्ही कड्याच्या काठावर उभे असाल. दुपारच्या उन्हात केबल तापली की तिचा तोटा किंचित वाढतो, सैल जोड प्रसरण पावून आणखी सैल होतो, आणि काठावरचा सिग्नल खाली पडतो. फक्त दुपारीच बिघडणाऱ्या टीव्हीचं रहस्य बरेचदा एवढंच असतं.

कोणते चॅनल फुटतात ते लिहून ठेवा

हे काम कंटाळवाणं आहे, पण फुकट आहे आणि निम्मा तपास यातच होतो. केबलवर प्रत्येक चॅनलला स्वतंत्र रस्ता नसतो. एका फ्रिक्वेन्सीवर डझनभर किंवा जास्त चॅनल एकत्र बांधून पाठवतात, आणि त्या फ्रिक्वेन्सीला त्रास झाला की ते सगळे एकदम फुटतात. माहितीच्या पडद्यावर चालू चॅनलची फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्झमध्ये लिहिलेली असते. मी दोन दिवस वहीत दोन रकाने केले, फुटणारे आणि न फुटणारे, आणि प्रत्येकापुढे फ्रिक्वेन्सी मांडली.

वरच्या फ्रिक्वेन्सीचे चॅनल जात असतील आणि खालचे ठीक असतील, तर तोटा जास्त होतोय असं समजा: केबल लांब आहे, स्प्लिटर (एक केबल अनेक टीव्हींना वाटणारे फाटे) जास्त आहेत किंवा केबलमध्ये पाणी गेलंय. कोॲक्सियल केबल, म्हणजे मध्ये तार आणि भोवती जाळी असलेली आपली टीव्हीची केबल, वरच्या फ्रिक्वेन्सीला जास्त खाते. आरजी-६ जातीची केबल १०० मीटरमागे १००० मेगाहर्ट्झला साधारण २१ डीबी (डेसिबल, सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप) घेते, तर ५५ मेगाहर्ट्झला जेमतेम ५. उलट खालचे चॅनल गेले आणि वरचे शाबूत, तर मधली तांब्याची तार कुठेतरी टेकत नाहीये. तुटलेल्या तारेच्या दोन टोकांतली फट वरची फ्रिक्वेन्सी ओलांडते, खालची ओलांडू शकत नाही. आणि एकच फ्रिक्वेन्सी फुटते, तिच्या आजूबाजूच्या ठीक आहेत, तर बाहेरचा सिग्नल आत शिरतोय. मोबाइलचे काही पट्टे केबलच्याच फ्रिक्वेन्सीवर असतात. अखंड जाळीच्या केबलमध्ये ते शिरत नाहीत, पण सैल पिन, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेला जोड, त्यांना उघडं दार.

आमच्याकडे पहिला प्रकार होता. वरचे चॅनल फुटत होते.

सगळेच चॅनल, सगळ्याच टीव्हींवर एकदम जात असतील तर घरात शोधण्यात वेळ घालवू नका. बिघाड बाहेर आहे, फोन करा.

तोडून पाहणं

आता बिघाड कुठल्या तुकड्यात आहे ते शोधायचं. सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे बाबांच्या खोलीतला बॉक्स आणि एक छोटा टीव्ही उचलून केबल घरात शिरते तिथे न्यायचा. पहिल्या स्प्लिटरच्याही आधी, येणारी केबल थेट बॉक्सला जोडायची. इथे चित्र नीट आलं तर बॉक्स निर्दोष, बाहेरची लाइन निर्दोष, गुन्हेगार घरातच. इथेही फुटलं तर बॉक्स बदलून पाहा, आणि तरीही फुटलं तर काम तुमचं नाही.

मग मधला थांबा. आमच्या घरी माळ्यावर चार फाट्यांचा स्प्लिटर होता. तिथे बाबांच्या खोलीकडे जाणारी पिन काढून त्याच तोंडाला बॉक्स लावून पाहिला. चित्र ठीक, पण क्वालिटी प्रवेशापाशी होती त्याहून खाली. म्हणजे दोष दोन्ही बाजूंना थोडा थोडा. असंच होतं बहुधा. एकच मोठा चोर सापडेल या आशेने माणूस शोधत राहतो आणि खिशाला चार बारीक भोकं असतात.

स्प्लिटरवर संशय असेल तर त्याला तात्पुरता बाजूला काढा. दोन पिना समोरासमोर जोडणारं बॅरल मिळतं, ते लावून येणारी आणि जाणारी केबल थेट जोडा. पण एक लक्षात ठेवा, स्प्लिटर काढल्यावर चित्र सुधारलं म्हणून स्प्लिटर खराब होता असं सिद्ध होत नाही. चांगला स्प्लिटरही तोटा करतोच, ते त्याचं कामच आहे. खराब आहे की नाही हे ठरवायला हिशेब लागतो.

जमाखर्च

स्प्लिटर सिग्नल निर्माण करत नाही, वाटतो. दोन फाट्यांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला निम्मी शक्ती येते. निम्मं म्हणजे ३ डीबी, वर थोडी घट धरून व्यवहारात ३.५. चार फाट्यांचा म्हणजे आत दोन पायऱ्या, म्हणून ७. आठ फाट्यांचा साधारण ११. तीन फाट्यांचा मात्र जरा चमत्कारिक असतो. बरेचदा त्याच्या एका तोंडाला ३.५ आणि उरलेल्या दोघांना ७ अशी असमान वाटणी असते. प्रत्येक तोंडापाशी हे आकडे कोरलेले असतात. कोणी वाचत नाही. दूरच्या खोलीची केबल ३.५ च्या तोंडाला लावायची, जवळच्या खोल्यांना ७ ची तोंडं द्यायची, एवढ्यानेच काही घरांचं भागतं.

डेसिबलचा मला आवडलेला गुण असा की गुणाकार-भागाकार करावा लागत नाही, नुसती वजाबाकी. सिग्नलची पातळी डेसिबल मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात. डिजिटल बॉक्सला साधारण ५० ते ७० च्या दरम्यान मिळालं की तो सुखी असतो. काही मीटर आणि मोडेम डेसिबल मिलिव्होल्टमध्ये आकडे दाखवतात, तिथे शून्य म्हणजे इथले ६०. तेवढा फरक लक्षात ठेवला की गोंधळ होत नाही.

ऑपरेटरचा मुलगा मीटर घेऊन आला तेव्हा मी त्याला दोनच ठिकाणी मोजायला सांगितलं, प्रवेशापाशी आणि बाबांच्या खोलीत, दोन्हीकडे तोच वरचा चॅनल. प्रवेशापाशी ६६. बाबांच्या खोलीत ४१. तो म्हणाला, "ताई, लांब आहे ना, एवढं जाणारच." मी म्हटलं, थांब, मांडून बघू.

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडलं. जमा ६६. माळ्यावरचा चार फाट्यांचा स्प्लिटर, ७ गेले. केबल एकूण २२ मीटर, थोडी जुनी बारीक, साडेचार गेले. टीव्हीच्या मागे एक दोन फाट्यांचा स्प्लिटर, जुन्या रेकॉर्डरसाठी कधीतरी लावलेला; रेकॉर्डर जाऊन कितीतरी वर्षं झाली, स्प्लिटर तिथेच. ३.५ गेले. एकूण खर्च १५. शिल्लक ५१ हवी. प्रत्यक्षात ४१. दहा डीबीची तफावत.

हिशेबात दहाची तफावत निघाली की ताळेबंदावर सही करत नाहीत, व्हाउचर शोधतात. आम्ही दोघं केबल हाताने चाचपत निघालो. प्रवेश आणि माळा यांच्या मध्ये, कपाटाच्या मागे, आणखी एक दोन फाट्यांचा स्प्लिटर सापडला. त्याच्या दुसऱ्या तोंडातून निघालेली केबल भिंतीत शिरत होती आणि कुठेच बाहेर येत नव्हती. पूर्वी तिकडे खोली होती, ती पाडून मोठी केली तेव्हा केबलचं टोक प्लास्टरखाली गेलं असणार. ३.५ डीबी कित्येक वर्षं भिंतीला दिले जात होते. उरली साडेसहाची तफावत. ती खिडकीबाहेरच्या जोडात निघाली.

हिशेब मांडायला मीटर हवाच असं नाही. बॉक्सच्या पट्टीवरचे टक्के हे खरे डेसिबल नव्हेत, त्यामुळे दोन वेगळ्या बॉक्सचे आकडे एकमेकांशी ताडू नका. पण एकच बॉक्स, एकच चॅनल, वेगवेगळी ठिकाणं, असं केलं तर कुठल्या थांब्यावर अचानक मोठी घसरण होते ते दिसतंच.

पिन

खिडकीबाहेर दोन केबली बॅरलने जोडलेल्या होत्या, वर काळी चिकटपट्टी. पट्टी सोडवली तर आतून चमचाभर मातकट पाणी आलं. पिन हाताने धरून हलकेच ओढली आणि ती केबल सोडून माझ्या बोटांत आली. आतली जाळी हिरवी-पांढरी, कुस्करल्यावर पावडर होणारी. मधली तार काळी पडलेली. पिन जाड केबलची होती आणि केबल जुनी बारीक, आरजी-५९. जाड केबलची पिन बारीक केबलवर नुसती टोपीसारखी बसते. कोणीतरी ती पक्कडीने दाबून दिली होती आणि पट्टीत गुंडाळून झाकली होती.

माझा अनुभव असा की घरातल्या केबलच्या दहा तक्रारींपैकी बऱ्याचशा पिनेशी येऊन थांबतात. म्हणून पिन करायला शिकाच. दोन हत्यारं लागतात, केबल सोलायचा दोन पात्यांचा स्ट्रिपर आणि पिन दाबायचं कॉम्प्रेशन टूल. फिरवून बसवायच्या आणि पक्कडीने चेपायच्या पिना घेऊ नका, त्या आज बसतात आणि पावसाळ्यात सुटतात.

केबलचं टोक आधी सरळ छाटा, तिरकं नको. स्ट्रिपर दोन-तीनदा गोल फिरवला की टोकाला सुमारे ६ मिलिमीटर उघडी तार आणि तिच्यामागे ६ मिलिमीटर उघडी जाळी राहते. मधल्या तारेवर पांढरी पातळ फिल्म राहिली असेल तर नखाने काढा, चाकूने नको. ही तार बरेचदा पोलादी असते आणि वर तांब्याचा मुलामा असतो. सिग्नल त्या मुलाम्यातूनच जातो, कारण एवढ्या फ्रिक्वेन्सीला वीज तारेच्या कातडीवरूनच वाहते. मुलामा खरवडलात तर तिथेच गंज धरतो. मग जाळी मागे वळवून काळ्या वेष्टनावर सारखी पसरवा. पांढऱ्या फोमला चिकटलेलं चंदेरी फॉइल तसंच राहू द्या. आता सगळ्यात महत्त्वाचं, उजेडात धरून पाहा. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकत असेल तर सगळी मेहनत वाया. केस म्हणते मी, खरंच तेवढाच असतो. माझी पहिली पिन अशाच एका केसाने मारली आणि मी अर्धा तास स्प्लिटरला दोष देत बसले.

पिन सरकवताना जोर लागतो. आत डोकावल्यावर पांढरा फोम पिनेच्या आतल्या तळाशी सपाट दिसला पाहिजे, वर नाही, खाली नाही. मधली तार पिनेच्या कडेबाहेर साधारण ३ मिलिमीटर. कमी असेल तर टेकणार नाही, जास्त असेल तर समोरचं तोंड बिघडवेल. मग दाबा. ओढून पाहा. स्प्लिटरवर हाताने घट्ट फिरवा आणि पान्याने जेमतेम पाव फेरा. टीव्ही-बॉक्सच्या तोंडाला पान्याचा जोर नको, ते आतल्या पट्टीवर नुसतं डाग दिलेलं असतं, फिरतं आणि तुटतं.

बाहेरच्या जोडाला पाणी न शिरणारी पिन वापरा, आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या. पाणी केबलवरून ओघळत येतं आणि झोळाच्या तळाशी टपकतं, जोडापर्यंत येत नाही. केबल कोपऱ्यात काटकोनात मोडू नका, ७ सेंटिमीटरपेक्षा लहान गोलाई नको. खिळ्याने चेपलेली केबल दिसली तर तेवढा तुकडा गेला असं समजा.

पाण्याने भरलेली केबल वाळत नाही, हेही सांगते. फोमपर्यंत ओल गेली असेल तर काळेपणा संपेपर्यंत मागे मागे छाटत जा. आम्हाला हातभर छाटावी लागली.

काम करताना जाळीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या किंवा जोडताना ठिणगी दिसली तर तिथेच थांबा. घरातल्या कुठल्या तरी उपकरणाची वीज केबलच्या जाळीवर येतेय, अर्थिंगचा दोष आहे. ते वायरमनचं काम. आणि आभाळ गडगडत असताना गच्चीवर केबल हातात धरायची नाही.

तर निकाल असा. कपाटामागचा स्प्लिटर काढून बॅरल लावलं, ३.५ परत. टीव्हीमागचा काढला, आणखी ३.५. नवी पिन, साडेसहा. माळ्यावरच्या चार फाट्यांपैकी तीनच वापरात होते, म्हणून तिथे तीन फाट्यांचा लावून ३.५ चं तोंड बाबांना दिलं, पुन्हा ३.५. कागदावर ५८ यायला हवे होते, पुढच्या खेपेला मीटरने ५७ दाखवले. एका डीबीसाठी मी भांडत नाही. बूस्टर मी पुतण्याला परत दिला.

माळ्यावर चार फाट्यांचाच ठेवायचा असता तर रिकाम्या तोंडाला टर्मिनेटर लावला असता. ती ७५ ओहमची छोटी टोपी असते. उघड्या तोंडातून सिग्नल परत फिरतो आणि बाकीच्यांत मिसळतो. फरक बरेचदा जाणवणार नाही, पण काठावरच्या सिग्नलला तेवढंही पुरतं.

बूस्टर खरंच लागतो तेव्हा

माझ्या नणंदेकडे लागला. तिच्याकडे प्रवेशापाशी ६४, आठ फाट्यांचा स्प्लिटर, ११ गेले, दूरच्या खोलीला ४० मीटर केबल, ८ गेले. शिल्लक ४५. पिना सगळ्या मी तपासल्या, हिशेबात तफावत नाही. जमाच कमी पडत असेल तर काटकसरीने भागत नाही, तिथे बूस्टर योग्य.

पण जागा महत्त्वाची. बूस्टर स्प्लिटरच्या आधी, प्रवेशाच्या जितका जवळ तितका चांगला. सिग्नल सशक्त आणि स्वच्छ असतानाच वाढवला की पुढचा सगळा तोटा त्या वाढीतून जातो. शेवटी लावला तर तो गोंगाटात बुडायला आलेला सिग्नल गोंगाटासकट वर उचलतो. आमच्या बाबांच्या खोलीत नेमकं हेच झालं होतं, आणि सडलेल्या जोडातून जे काही बाहेरचं शिरलं होतं तेही बूस्टरने प्रामाणिकपणे मोठं करून दिलं.

दुसरं म्हणजे गेन, म्हणजे बूस्टर सिग्नल किती वाढवतो ते. नणंदेच्या यजमानांनी उत्साहात बटण शेवटपर्यंत फिरवलं, २५ डीबी. दूरची खोली झकास. जवळच्या खोलीत मात्र केबल जेमतेम १० मीटर, म्हणजे ६४ अधिक २५, वजा ११, वजा २, एकूण ७६. तिथे स्ट्रेंग्थ १०० टक्के आणि ठोकळेच ठोकळे. सिग्नल अति झाला की बॉक्सचं पुढचं टोक गुदमरतं, चॅनल एकमेकांत मिसळतात आणि लक्षण तेच दिसतं जे कमी सिग्नलचं. मग माणूस आणखी वाढवतो. ओळखायची युक्ती अशी की बॉक्सच्या आधी मुद्दाम दोन फाट्यांचा स्प्लिटर लावायचा, दुसऱ्या तोंडाला टर्मिनेटर. ३.५ डीबी कमी होऊनही चित्र सुधारलं तर दुखणं अजीर्णाचं आहे. बटण १५ वर आणलं, दूरच्या खोलीत ६०, जवळ ६६, दोन्ही सुखी. एकाच खोलीला जास्त होत असेल तर तेवढ्यापुरता सिग्नल कमी करणारा ६ किंवा १० डीबीचा अटेन्युएटर पिनेसारखा मध्ये लावता येतो.

काही बूस्टर गच्चीवर बसतात आणि त्यांना वीज खालून केबलमधूनच जाते. मध्ये स्प्लिटर असेल तर तो वीज जाऊ देणारा हवा, आणि तेही त्याच्या खूण केलेल्या तोंडातूनच. ते चुकलं तर बूस्टर उपाशी राहतो, आणि विजेशिवायचा बूस्टर म्हणजे सिग्नल अडवणारा डबा. डिशच्या लाइनीला केबलचा स्प्लिटर चालत नाही हे इथेच सांगून टाकते. डिशचा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर येतो आणि केबलचा स्प्लिटर बहुधा ५ ते १००० चा असतो. डब्यावर छापलेलं असतं.

इंटरनेट त्याच केबलवर असेल तर

नणंदेकडे टीव्ही सुधारले आणि त्याच रात्री इंटरनेट गेलं. मोडेमचे दिवे नुसते लुकलुकत राहिले. केबल मोडेम फक्त ऐकत नाही, तो ऑपरेटरकडे उलट बोलतोही, ५ मेगाहर्ट्झपासून सुरू होणाऱ्या खालच्या पट्ट्यात. साधा बूस्टर एकमार्गी असतो, वरून येणारं वाढवतो आणि खालून जाणारं अडवतो. रिटर्न पाथ, म्हणजे उलट जाणारी वाट, असलेला बूस्टर घ्यावा लागतो. त्याहून मला आवडणारी जोडणी अशी: प्रवेशापाशी पहिलाच दोन फाट्यांचा स्प्लिटर, एक तोंड थेट मोडेमला, दुसरं बूस्टरला. बूस्टर बंद पडला तरी इंटरनेट चालू राहतं. टीव्हीच्या खात्यातून ३.५ जातात, ते बूस्टर भरून काढतो.

मोडेमचा एक फायदा म्हणजे त्याच्यात मीटर बसवलेलाच असतो. बऱ्याच केबल मोडेममध्ये ब्राउझरवर १९२.१६८.१००.१ टाकलं की आकडे दिसतात. येणारी पातळी डेसिबल मिलिव्होल्टमध्ये उणे ७ ते अधिक ७ च्या आत असावी, एसएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती वर आहे ते, ३३ च्या वर. जाणारी पातळी ५० च्या पुढे गेली असेल तर मोडेम ओरडून बोलतोय, म्हणजे वाटेत स्प्लिटर जास्त आहेत. दुरुस्त न झालेल्या चुकांचा आकडा तासाभराने पुन्हा पाहा. वाढत असेल तर कुठेतरी पिन सैल आहे.

ऑपरेटरला फोन करताना

"चित्र नीट येत नाही" म्हटलं की कोणीतरी येतो, बॉक्स बंद-चालू करतो आणि जातो. त्याऐवजी असं सांगा: प्रवेशाच्या ठिकाणी, एकही स्प्लिटर नसताना, अमुक फ्रिक्वेन्सीवर क्वालिटी एवढी येतेय, दोन बॉक्सवर तपासलंय. मग मीटर घेऊन माणूस येतो. तो आला की प्रवेशापाशी सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा असे दोन चॅनल मोजून घ्या आणि आकडे तारखेसह लिहून ठेवा.

आमचा कागद माळ्यावरच्या स्प्लिटरशेजारी टाचलाय. गेल्या आठवड्यात पुतण्या तिथे चढला होता, त्याला अभ्यासाच्या टेबलाशी एक टीव्ही हवाय. खाली उतरून म्हणाला, "काकू, ३.५ शिल्लक आहेत का?"

बघते म्हटलं.